मला भाज्यांची भीती वाटत नाही

४ ऑगस्ट, सोमवार

पुस्तक आलं! 'पोटोबाच्या घरी पाहुणे'. लेखक: मी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासली, आज पहिल्यांदा कव्हरवर माझं नाव. बांधणी बरी. शाईचा वास अजून ताजा.

गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो, म्हातारपणी रोजनिशी वाचताना उपयोगी पडेल. गाजरआजी शेतातलं घर सोडते. नातवंडांचे पापे घेते, पिशवी भरते आणि पोटोबाच्या घरी राहायला निघते. वाटेत वाटाणेबंधू, कोबीकाका, बीटमामा भेटतात. सगळे गात गात एका मुलाच्या तोंडात शिरतात. शेवटच्या पानावर रिकामी ताटली आणि तिच्यात फक्त आजीचा चष्मा. चित्रकाराने तो चष्मा असा काढलाय की माझ्याच अंगावर काटा आला. आनंदाचा.

मागच्या कव्हरवर छापलंय: 'लेखक स्वतः रोज पाच प्रकारच्या भाज्या खातात.' हे मॅडमनी परस्पर घातलं. (मॅडम म्हणजे आमच्या प्रकाशनाच्या मालक. मी त्यांना घाबरत नाही, फक्त त्यांच्या केबिनमध्ये जाण्याआधी पाणी पितो.) त्या मजकुराचं प्रूफ मीच तपासलं होतं. वाक्यात चूक काही नव्हती, म्हणून जाऊ दिलं.

या निमित्ताने एक गोष्ट कायमची स्पष्ट करतो. मला भाज्यांची भीती वाटत नाही. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि आदरापोटी मी अंतर ठेवतो. बुळबुळीत, धाग्याधाग्यांचं, दाताखाली फुटणारं काही तोंडात गेलं की घसा आपोआप बंद होतो. ही शरीराची रचना आहे, तिला कोण काय करणार.

संकल्प: उद्यापासून रोज एक भाजी. आता लेखक आहे, शोभलं पाहिजे.

जेवायला वाटाणे होते. संकल्प उद्यापासूनचा, म्हणून आजचे गॅलरीतल्या कुंडीत. बायको पाणी आणायला उठली तेवढ्यात उरकलं. कुणी पाहिलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

ऑफिस. मॅडमनी बोलावलं. पाणी प्यायलो, मग गेलो.

बातमी मोठी आहे. तेवीस तारखेला लायब्ररीच्या हॉलमध्ये पुस्तकाचं जाहीर वाचन. सत्तर-ऐंशी मुलं, त्यांचे आईवडील. मी वाचायचं आणि शेवटी मुलांच्या समोर एक अख्खं कच्चं गाजर खायचं. मॅडम म्हणाल्या, मुलं ऐकत नाहीत, बघतात. कार्यक्रम चांगला झाला तर आणखी अकरा पुस्तकं, फळं, डाळी, सगळं. नाही झाला तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हणालो, अगदी आनंदाने. कपातला चहा बशीत सांडला. खालच्या मजल्यावर छपाईचं मशीन सुरू झालं की आमची टेबलं थरथरतात. जागेवर आल्यावर लक्षात आलं की मशीन आज बंद आहे.

जेवायला दुधी. पहिल्याच दिवशी दुधीसारख्या अवघड भाजीपासून सुरुवात करणं शास्त्रशुद्ध नाही. कुंडी. कुणी पाहिलं नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

चिमणीला पुस्तक भयंकर आवडलं! (चिमणी म्हणजे माझी मुलगी. पहिलीत आहे. लहानपणापासून भाज्या मटामट खाते, याबाबतीत आईवर गेली.) चार दिवस रोज वाचायला लावते. शेवटचं पान आलं की एकदम गप्प होते. भारावून जाते.

प्रश्न फार विचारते. आजी परत केव्हा येणार? नातवंडांना कुणी सांगितलं का? आजीने चष्मा का काढून ठेवला, तिला पुढे अंधार आहे हे माहीत होतं का? मी म्हणालो, अगं, ती खूश होती. चिमणी म्हणाली, मग गाजर खाल्ल्याने डोळे चांगले होतात तर गाजरआजीलाच चष्मा कसा? हा प्रश्न चित्रकाराला विचारायला हवा.

बायको म्हणाली, पोरगी घाबरलीय, दिसत नाही का तुला? मी हसलो. पोरगी विचार करतेय, घाबरणं आणि विचार करणं यात फरक असतो. मी स्वतः आयुष्यभर खूप विचार करत आलोय.

आज चिमणीने ताटली झटपट रिकामी केली. घेवडा, गाजर, सगळं साफ. आमचं लक्ष फोनकडे होतं, वळून बघतो तर ताटली लख्ख! पुस्तकाचा पहिला विजय. माझी ताटलीही लख्ख होती, पण त्याचं श्रेय कुंडीला.

११ ऑगस्ट, सोमवार

बेडरूमच्या कपाटाला वास येतोय. खालच्या खणातून. उग्र, गोडसर, मेल्यासारखा.

उंदीर असणार. किंवा उंदीर खाऊन मेलेलं दुसरं काही. बायको म्हणाली, उघडून बघ. मी म्हणालो, बंद दार एकदम उघडणं बरोबर नाही, आतला प्राणी बिथरतो. बायको म्हणाली, मेलेला प्राणी? मी म्हणालो, मेलाय हे आपण वासावरून ठरवतोय, खात्री कुठे आहे. ती म्हणाली, मग तू खात्री कर, तोवर मी माझे कपडे दुसऱ्या खोलीत नेते. मीही माझे नेले.

कपाटासमोर चिमणी दोन्ही हात पसरून उभी राहिली. म्हणाली, बाबा, नको उघडूस. बघा, पोरीला बापाची किती काळजी.

१३ ऑगस्ट, बुधवार

वास वाढला. बेडरूमचं दार लावून घेतलंय, फटीत टॉवेल कोंबलाय. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत झोपतो. मोकळी हवा चांगली.

बायको म्हणते, चिमणीचे गाल बसलेत. फ्रॉक खांद्यावरून उतरतोय. मी म्हणालो, उंची वाढतेय, या वयात मुलं लांब होतात. बायको म्हणाली, ताटली तर रोज रिकामी असते, मग जातंय कुठे अन्न? मी म्हणालो, मेंदूकडे.

पण मग झोपलेल्या चिमणीचं मनगट हातात घेऊन बघितलं. माझ्या अंगठ्यात आणि बोटात सहज मावलं, वर जागा उरली. मनगटं बारीक असणं हे आमच्या घराण्यात आहे का, हे दादाला फोन करून विचारायला हवं.

१६ ऑगस्ट, शनिवार

शेवटी शेजारच्या इन्स्पेक्टर काकांना बोलावलं. (रिटायर झालेत, पण काठी अजून जवळ बाळगतात.) मी पाठीमागून पाठिंबा दिला. बायको म्हणाली, तू पलंगावर का चढलास? मी म्हणालो, उंचावरून परिस्थितीचा अंदाज नीट येतो.

काकांनी एका झटक्यात खण ओढला. चिमणीने किंकाळी फोडली. मीही साथ दिली.

खणात उंदीर नव्हता. खणात दवाखाना होता. किंवा धर्मशाळा, काय म्हणायचं ते म्हणा. बाहुलीच्या पलंगावर घेवड्याच्या शेंगा, अंगावर रुमाल. एका हातमोज्यात भोपळ्याच्या फोडी, पाच बोटांत पाच. माझ्या जुन्या चष्म्याच्या डबीत गाजराच्या चकत्या, कापसावर. सगळ्यांना बुरशी. इन्स्पेक्टर काका काठी खाली ठेवून म्हणाले, तीस वर्षं नोकरीत असं प्रकरण बघितलं नाही हो. आणि नाक धरून निघून गेले.

चिमणी रडत रडत म्हणाली की ते सगळे तिच्याकडे राहायला आलेत, पोटोबाच्या घरी नाही.

म्हणजे ती जवळजवळ दोन आठवडे जेवतच नव्हती. बायको जमिनीवर बसली ती उठेचना. मग माझ्याकडे बघून म्हणाली, हे तुझ्या पुस्तकामुळे. मी शांतपणे समजावलं की उलट, मुलीच्या मनात भाज्यांबद्दल प्रेम निर्माण झालंय, पुस्तकाचा उद्देशच तो होता, आता फक्त प्रेमाला वळण द्यायचंय. बायको माझ्याशी बोलत नाहीये. म्हणजे विचार करत असावी.

खण मी धुतला नाही. मला त्याचीही भीती वाटत नाही. पाठ दुखते.

१८ ऑगस्ट, सोमवार

चिमणी आता उघडपणे खात नाही. लपवायला जागा उरली नाही म्हणून. भाज्या नाहीत. डाळ नाही, कारण डाळ म्हणजे पुष्कळ लहान मुलं. भात नाही, कारण तो आणखी लहान. फक्त दूध आणि बिस्किटं, तीही बिस्किटावर चित्र नसेल तर.

योजना, तीन भागांत. एक: तिच्याशी मोकळेपणाने बोलणे. दोन: घरात उदाहरण घालून देणे. तीन: पुस्तक काही दिवस वरच्या फळीवर.

तिसरा भाग लगेच अमलात आणला. पहिला उद्या. दुसऱ्याची घाई नको.

ऑफिसात फोन येतायत. एका आईचा, पोरगा कोबीला काका म्हणतो आणि सुरी लपवून ठेवतो. दुसऱ्या आईचा, पोरगी बाजारात भाजीवाल्यासमोर रडली, म्हणाली सगळ्यांना सोडा. तिसरा फोन एका वडिलांचा. ते काय म्हणाले ते लिहीत नाही, रोजनिशी आहे म्हणून काय झालं. मॅडमना सांगितलं, वाचक हलून गेलेत. मॅडम म्हणाल्या, छान, तेवीसला गाजर मोठं आणा.

जेवायला बीट. माझ्या ताटलीत लाल पाणी पसरत चाललं होतं. चिमणी एकटक माझ्याकडे बघत होती. मी तिला डोळा मारला. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग मी गॅलरीत वारा खायला गेलो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सराव. आरशासमोर गाजर. आधी हातात धरलं. थंड. मग नाकाजवळ. मातीचा वास. मग दातांजवळ.

घाम फुटला, हातपाय गार, कानात शिट्टी. सराव थांबवला. खरा कलावंत जास्त सराव करत नाही, ताजेपणा जातो.

पर्यायी योजना: कोट घालायचा, लांब बाह्यांचा. गाजर तोंडापर्यंत न्यायचं, कडकन आवाज काढायचा (जिभेने येतो, जमलं), गाजर बाहीत सोडायचं, चावल्याचं सोंग. आरशात तीन वेळा केलं. अप्रतिम. मलाच वाटलं खाल्लं.

बायको दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. म्हणाली, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी म्हणालो, म्हणीऐवजी प्रोत्साहन दे. ती म्हणाली, तिचा शाळेचा डबा तसाच परत येतो रे, तिला काहीतरी होईल, तू कोट कसले घालतोस! आणि रडली. मला त्या वेळी तिला जवळ घ्यायचं होतं, पण बाहीत गाजर होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार, कार्यक्रमाआधी

शांत आहे. एकदम शांत. तीनदा बाथरूमला गेलो, पाणी जास्त प्यायल्याने. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण माझ्यापाठी कुणीही नाही, फक्त मॅडम आहेत.

२३ ऑगस्ट, कार्यक्रमानंतर

प्रचंड प्रतिसाद.

नीट लिहितो. हॉल गच्च. मुलं जमिनीवर, पुढच्या रांगेत चिमणी. प्रत्येक मुलाच्या हातात मॅडमनी एकेक छोटं गाजर दिलं होतं, शेवटी सगळ्यांनी एकदम खायचं म्हणून. मुलं ती गाजरं मांडीवर घेऊन बसली होती, थोपटत होती. मी हे कौतुकाने बघितलं. सत्तर मुलांचे डोळे एकाच वेळी आपल्यावर असले की त्यांची संख्या दुप्पट वाटते.

वाचन उत्तम झालं. आवाज थोडा कापला, तो भावनेने. शेवटचं पान आलं, चष्मा आला, आणि मागच्या कोपऱ्यात एक मूल हुंदके द्यायला लागलं. मग दुसरं. मग लाट यावी तसे सगळे. आईवडील उठून उभे राहिले. मॅडमनी मला खूण केली, गाजर.

मी गाजर वर धरलं. हॉल एकदम चिडीचूप. पुढच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, काका, नका ना खाऊ. मी तोंडाकडे नेलं, जिभेने कडकन आवाज काढला. किंकाळ्या! गाजर बाहीत सोडलं. आणि मग, का कोण जाणे, यश मिळाल्यासारखं वाटून मी दोन्ही हात वर केले.

गाजर बाहीतून सरकून कोटाच्या आतून खाली आलं आणि टप्पकन स्टेजवर पडलं. अख्खं.

मग चिमणी उभी राहिली आणि टाळ्या वाजवत ओरडली, सुटली! आजी सुटली! सगळा हॉल ओरडायला लागला, सुटली, सुटली! मुलं नाचली. आपापली गाजरं खिशात, फ्रॉकमध्ये, दप्तरात लपवून सगळी पळाली. एकानेही एक घास खाल्ला नाही. कुणी तरी मला खांद्यावर घ्यायला बघत होतं, पण ती उंची त्यांना जमली नाही.

मॅडम स्टेजवर आल्या. माझ्या कोटाची बाही उचलून आत बघितलं आणि निघून गेल्या.

चिमणी घरी येईपर्यंत माझा हात सोडत नव्हती. म्हणाली, बाबा, तू सगळ्यांत शूर आहेस. आता हे कुणाला खोटं ठरवता येईल?

२५ ऑगस्ट, सोमवार

ऑफिस. माझ्या टेबलाखाली परत आलेल्या पुस्तकांचे गठ्ठे. पाय ठेवायला जागा नाही, मांडी घालून बसतो. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं नाही. हे जास्त भयंकर आहे. म्हणजे, असतं, मी घाबरणारा असतो तर.

चिमणीने आज दूधही अर्धंच घेतलं. गाईला विचारलं होतं का, म्हणाली.

तिच्याशी बोलायचं उद्या नक्की.

२८ ऑगस्ट, गुरुवार

शाळेतून फोन आला. प्रार्थनेला उभी असताना चिमणी खाली पडली.

मी गठ्ठे तुडवत पळालो. रिक्षात काय बोललो आठवत नाही, रिक्षावाला म्हणाला साहेब हळू, पोचतोय. शाळेत ती बाईंच्या खोलीत बाकावर आडवी होती, पांढरीफटक. मला बघून हसली. छातीत असं काही झालं की इथे लिहिताना दुसरा शब्द सापडत नाही. घाबरलो. मी खूप घाबरलो.

डॉक्टरांनी वजन केलं, डोळे, जीभ बघितली. म्हणाले, पोट रिकामं आहे, अंगात ताकद नाही. अजून आठवडाभर असंच चाललं तर ॲडमिट करून नळीने द्यावं लागेल. मग विचारलं, घरात काही बदल झाला का? बायकोने पर्समधून पुस्तक काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी पानं उलटली. शेवटच्या पानावर थांबले. चष्मा बघून स्वतःचा चष्मा काढला. म्हणाले, या महिन्यातली ही माझ्याकडची पाचवी केस, हा लेखक एकदा भेटायला पाहिजे.

मी म्हणालो, काय काय माणसं असतात.

चिमणी बेडवरून अभिमानाने म्हणाली, हाच आहे तो! माझा बाबा! डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. एवढं पाणी मी मॅडमच्या केबिनबाहेरही प्यायलो नव्हतो.

संध्याकाळी ती सोफ्यावर पडली होती, मी पायथ्याशी. शेवटी विचारलं, चिमणे, का नाही खात गं? ती म्हणाली, तूही नाही खात.

मी म्हणालो, मी खातो की. ती इकडे तिकडे बघून माझ्या कानाशी आली. म्हणाली, मला माहितीये बाबा. तू त्यांना कुंडीत सोडतोस. मातीत, त्यांच्या घरी. वाटाणे, दुधी, त्या दिवशीचं बीट. मी रोज बघते. आईला नाही सांगितलं. तू कुणाला न सांगता सगळ्यांना सोडवतोस. म्हणून मीपण सोडवते.

इतके दिवस 'कुणी पाहिलं नाही' असं लिहीत आलो, आणि हिने प्रत्येक वाटाणा पाहिलेला. भेकड माणसाचं कुंडीत टाकणं, आणि पोरीला त्यात शूरवीर दिसला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ऐकताना मला थोडं बरं वाटलं. आयुष्यात मला कुणी शूर म्हटलं असेल तर या एका सहा वर्षांच्या पोरीने, तेही उपाशीपोटी.

खरं सांगायला गेलो तर शूर बाबा जाणार. नाही सांगितलं तर चिमणी. ही कसली निवड आहे, आणि तरी मी दाराकडे बघून किती वेळ बसलो.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

ऑफिसला रजा. बायकोने गाजरं उकडली, चकत्या केल्या. मी भाषण तयार केलं होतं. मुद्दे चांगले होते. टेबलाशी बसलो आणि एकही मुद्दा आठवेना, ततपप झालं.

शेवटी एवढंच म्हणालो: चिमणे, मी त्यांना सोडवत नव्हतो. मला भाज्या खायची भीती वाटते. म्हणून कुंडीत टाकत होतो. आणि गाजरआजी खोटी आहे. तिला नातवंडं नाहीत, पिशवी नाही. चष्मा चित्रकाराने काढला. मी बनवलं सगळं.

चिमणी माझ्याकडे बघत होती. काहीतरी उतरताना दिसलं तिच्या तोंडावरून, ते मला बघवलं नाही, मी खाली मान घातली. मग तिने विचारलं, गाजराला खरंच दुखत नाही? मी म्हणालो, नाही. शपथ? म्हटलं, शपथ. मग तुला कशाची भीती वाटते, ते चावतं का? मी म्हणालो, माहीत नाही गं कशाची. पण वाटते. खूप.

ती खुर्चीवरून उतरली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा हात घट्ट धरला. म्हणाली, डोळे मिट. मी आहे ना.

चष्म्यावर घाम आला होता, तो काढून ठेवला. चकती तोंडात घातली. घसा बंद झाला. डोळ्यांत पाणी. हात हातात होता, तो तिने आणखी दाबला. चावली. मऊ, गोडसर, भयंकर. पुन्हा चावली. गिळली. बायको गॅस बंद करायला वळली ती तशीच पाठमोरी उभी राहिली, गॅस मात्र कधीचाच बंद होता.

चिमणी म्हणाली, आ कर. डॉक्टरांसारखं आत वाकून बघितलं. जीभ उचलायला लावली. बाहीही तपासली. मग माझ्या पाठीवर थोपटून म्हणाली, शाब्बास. आणि स्वतःची एक चकती खाल्ली. मग दुसरी. मग आईला म्हणाली, भात आहे का?

आता हे लिहिताना ती आत झोपलीय, पोट भरून. मघाशी ताटली उचलायला गेलो तर रिकाम्या ताटलीत माझा चष्मा पडलेला. चिमणी तो बघून एवढी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, बाबा संपला!

मॅडमचा निरोप आलाय. उरलेल्या प्रतींच्या मागच्या कव्हरवरच्या त्या वाक्यावर मी स्वतः बसून पट्ट्या चिकटवायच्या, आणि उरलेली अकरा पुस्तकं दुसरं कुणीतरी लिहील. माझ्या प्रतीत मी पट्टी लावून खाली पेनाने दुरुस्ती केली: लेखकाने आज एक गाजराची चकती खाल्ली. मुलगी शेजारी होती.

झोपायला जाताना चिमणीने सांगून ठेवलंय, उद्या बीट, आणि घाबरू नकोस, हात धरेन. मला भीती वाटतेय.